कावेरीकाठचा उत्सव

‘शाश्वत’ हा शब्द मराठीला नवा नाही. त्याच्याकडे सध्या आलेले काम मात्र नवे आहे. देह अशाश्वत, धन अशाश्वत, मान आणि कीर्ती हीही तशीच, हे संतांनी सांगितले आणि कीर्तनकारांनी गावोगाव पोहोचवले. शाश्वत म्हणावे असे एकच तत्त्व उरत होते आणि त्याच्या नावाने कोणी समिती नेमली नव्हती. १९८७ साली ब्रुंटलांड आयोगाचा अहवाल आला. त्यातली कल्पना मराठीत आणताना हाच शब्द विकासाला विशेषण म्हणून जोडला गेला आणि पाहता पाहता तो शासकीय पत्रकांतून महाविद्यालयांच्या फलकांवर आला. आता शाश्वतता ‘साजरी’ केली जाते. ‘साजरा’ हाही आपला जुनाच शब्द. त्याचा मूळ अर्थ शोभिवंत, देखणा. दुरून डोंगर साजरे दिसतात, तो अर्थ. विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन महाविद्यालयाच्या आवारात पर्यावरणाचा उत्सव करायचा म्हटले, की या दोन शब्दांमधला ताण आपोआप उभा राहतो. एक शब्द टिकण्याविषयी बोलतो, दुसरा दिसण्याविषयी.

हा ताण समजून घ्यायला कुंभकोणम हे गाव विशेष उपयोगी आहे. तंजावर जिल्ह्यातले हे गाव कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसले आहे. मराठी वाचकाला ते सर्वस्वी परके नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांची गादी होती आणि त्या राज्याच्या आश्रयाने आलेली मराठी घराणी याही गावात स्थिरावली. दबीर हे शिवकालीन कारभारातले पद; त्या नावाचा रस्ता कुंभकोणमात आजही आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ चा, याच गावचा. गावातले शासकीय कला महाविद्यालय १८५४ मध्ये शाळा म्हणून सुरू झाले आणि १८६७ मध्ये त्याला महाविद्यालयाचा दर्जा मिळाला. ‘दक्षिणेचे केंब्रिज’ असे त्याला अभिमानाने म्हणत. १९०४ साली श्रीनिवास रामानुजन शिष्यवृत्ती घेऊन तेथे दाखल झाले आणि इंग्रजीत अनुत्तीर्ण झाल्यामुळे ती शिष्यवृत्ती गमावून बसले. महाविद्यालय नदीच्या काठावर आहे आणि गावातून तेथे जायचे तर नदी ओलांडावी लागते. पूल नव्हता तेव्हा विद्यार्थी नावेने जात आणि उन्हाळ्यात वाळू तुडवत. म्हणजे पाणी किती आहे, हे तेथल्या विद्यार्थ्याला पुस्तकाआधी पावलांना कळत होते.

या काठावर पर्यावरणाचा उत्सव नव्याने शोधून काढण्याची गरज नव्हती, तो होताच. तमिळ पंचांगातला आडी महिना साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. त्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या दोन-तीन तारखेला, ‘आडी पेरुक्कु’ येतो. पेरुक्कु म्हणजे वाढ, पाण्याला आलेली भरती. नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोडगूच्या डोंगरात कोसळतो आणि त्याचे पाणी या सुमारास त्रिभुज प्रदेशात पोहोचते. कावेरी तेव्हा गर्भार मानली जाते आणि तिचे डोहाळे पुरवण्यासाठी लिंबाचा, चिंचेचा, नारळाचा, दह्याचा असे भाताचे नाना प्रकार करून बायका घाटावर जातात. मराठी माणसाला नदीची ओटी भरणे ठाऊक आहे. तिचे डोहाळजेवण ही त्यापुढची पायरी म्हणावी. हळदीचे दोरे, काळे मणी, ताडपत्राची कर्णभूषणे पाण्यात सोडली जातात. आडीचा हंगाम साधून बी पेरावे, अशी तमिळ म्हण आहे. हा उत्सव म्हणजे केवळ कृतज्ञता नव्हे. पाणी आले, आता कामाला लागा, अशी ती पेरणीची सूचना आहे.

परंतु हे पाणी आता केवळ पावसाच्या हाती राहिलेले नाही. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पूर्ण झाले आणि कावेरीचा पूर हा दरवाजांच्या उघडण्याशी जोडला गेला. ‘कुरुवै’ या अल्पमुदतीच्या भातपिकासाठी १२ जूनला पाणी सोडायचे, असा रिवाज पडला. २०१२ ते २०१९ या सलग आठ वर्षांत ती तारीख पाळता आली नाही. २०२० मध्ये ती पुन्हा पाळली गेली. २०२२ मध्ये तर २४ मे रोजीच पाणी सुटले. २०२४ मध्ये जूनची तारीख पुन्हा हुकली, पाणी सुटले ते २८ जुलैला, आणि त्यानंतर दोनच दिवसांत धरण १२० फुटांच्या पूर्ण पातळीला लागले. कावेरी लवाद १९९० मध्ये नेमला गेला, त्याचा अंतिम निवाडा २००७ मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात फेरफार करून कर्नाटकाने तमिळनाडूला द्यावयाचे पाणी १७७.२५ अब्ज घनफूट ठरवले ते २०१८ मध्ये. ज्या वर्षी नदी कोरडी असते, त्या वर्षीही अठरावा दिवस येतोच. अशा वर्षी तिरुचिरापल्लीच्या घाटावर कूपनलिकेचे पाणी तुषारनळ्यांतून सोडून भाविकांच्या स्नानाची सोय करण्यात आली आहे. नदीच्या पात्रात उभे राहून जमिनीखालून उपसलेल्या पाण्याने नदीचा उत्सव करणे, हे दृश्य हास्यास्पद नाही. ते करुण आहे. साजरे करणे किती चिवट असते आणि ज्याच्या नावाने साजरे करायचे ते किती सहज नाहीसे होऊ शकते, हे त्या एका दृश्यात दिसते.

उत्सव निरागस असतो, असे मानण्याची आपली प्रवृत्ती आहे. याच महाविद्यालयातल्या एका अध्यापकाने ती समजूत मोडून काढणारी साक्ष ठेवली आहे. उ. वे. स्वामीनाथ अय्यर १८८० मध्ये येथे तमिळचे अध्यापक झाले आणि १९०३ पर्यंत त्यांनी येथे शिकवले. आपल्या जागी त्यांना आणण्यासाठी खटपट केली ती निवृत्त होणाऱ्या त्यागराज चेट्टियार यांनी. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सेलम रामस्वामी मुदलियार या कुंभकोणमात बदलून आलेल्या मुन्सफांनी त्यांना विचारले, की तुम्ही कोणते ग्रंथ वाचले आहेत. आणि अय्यर मोठ्या अभिमानाने सांगत असलेली यादी ऐकून त्यांनी अत्यंत थंडपणे प्राचीन ग्रंथांविषयी पृच्छा केली. त्या भेटीतून ‘जीवक चिंतामणी’चा शोध सुरू झाला. तो ग्रंथ १८८७ मध्ये संपादित होऊन निघाला. मग ‘पत्तुप्पाट्टु’, १८९२ मध्ये ‘शिलप्पदिकारम्’, १८९४ मध्ये ‘पुरनानूरु’. कावेरीची स्तुती ज्या महाकाव्यात आहे, त्याचे संपादन करणारा माणूस रोज तीच नदी ओलांडून वर्गावर जात होता.

ताडपत्रांच्या शोधात घरोघर हिंडताना त्यांना ठिकठिकाणी कळले, की जुन्या पोथ्या आता नाहीत. त्या आडी अठराच्या पुरात सोडून दिल्या. जीर्ण झालेली पोथी फेकून देणे हे पाप, घरात ठेवणे ही अडचण. तेव्हा ती श्रद्धेने नदीला अर्पण करायची, अशी रीत होती. आपल्या आठवणींत अय्यरांनी ही गोष्ट फार दुःखाने नोंदवली आहे. तमिळ वाङ्मयाचा केवढा भाग भक्तिभावाने पाण्यात गेला, याची मोजदाद होऊ शकत नाही. मराठी वाचकाला येथे इंद्रायणीचा डोह आठवल्याशिवाय राहत नाही. तुकोबांच्या वह्या बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, या श्रद्धेवर वारकऱ्यांच्या पिढ्या वाढल्या. दक्षिणेतल्या नद्यांनी मात्र पोथ्या परत दिल्या नाहीत. त्या शोधाव्या लागल्या, त्यांच्या वाळवी लागलेल्या पानांवरून अक्षर अक्षर जुळवावे लागले, आणि ते काम अध्यापकाच्या पगारात, सुट्टीच्या दिवसांत, पदरमोड करून झाले.

पर्यावरणाच्या उत्सवाची आखणी करणाऱ्या विद्यार्थ्यांना या इतिहासातून एक रोकडा प्रश्न मिळतो. उत्सव काय अर्पण करतो, हा तो प्रश्न. पूर्वी ताडपत्रे गेली. आज घाटावरून कापडे, प्लास्टिकच्या पिशव्या, प्रसादाचे द्रोण जातात. महाविद्यालयातला उत्सवही मागे काही ना काही सोडतोच: फ्लेक्सचे फलक, पाहुण्यांना दिलेली सेलोफेनमधली पुष्पगुच्छे, पाण्याच्या बाटल्या, कागदी कप, आणि लावल्यानंतर कोणीही पाणी न घातलेली रोपे. तमिळनाडूत १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. २०२१ च्या अखेरीस पिवळ्या कापडी पिशवीकडे परतण्याची शासकीय मोहीमही सुरू झाली. कुंभकोणमला तर यासाठी उपदेशाची आवश्यकता नसावी. तेथली फिल्टर कॉफी पितळी पेला-वाटीत देण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, केळीचे पान जेवणाला सवयीचे आहे, उंबऱ्यापुढे तांदळाच्या पिठाचे कोलम घालण्यात पिढ्यांचे हात बसलेले आहेत. फलकाऐवजी कोलम आणि कपाऐवजी पितळी पेला, एवढा बदल करायला समितीची एक बैठक पुरे. मात्र पेले विसळायचे कोणी, हा प्रश्न त्या बैठकीत विचारला गेला पाहिजे.

पर्यावरणाच्या पुष्कळ उत्सवांची खरी परीक्षा या प्रश्नापाशी होते. सभागृहात निसर्गावर भाषणे होतात आणि सभागृह झाडण्यासाठी दुसऱ्या दिवशी सफाई कामगार येतात; ते भाषणांना नव्हते, त्यांना कोणी बोलावलेही नव्हते. महाराष्ट्राला या बाबतीत गाडगेबाबांचा धडा उपलब्ध आहे. गावात आल्यावर आधी खराटा आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम होता. क्रम उलटा केला असता तर कीर्तन तसेच झाले असते. परंतु ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लागला नसता. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरवल्या, त्यांतही दिवसाची सुरुवात घामाने होई आणि चर्चा नंतर. हात मळल्यानंतर बोललेले वाक्य लहान होते, हा या छावण्यांचा वाङ्मयीन लाभ समजावा.

‘विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने’ या शब्दांचीही थोडी चौकशी केली पाहिजे. २२ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन झाला. सुमारे दोन कोटी लोक त्यात सामील झाले, असे मानले जाते. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांची कल्पना आणि पंचविशीतल्या डेनिस हेस यांचे संयोजन. तारीख निवडताना पाहिले होते ते एवढेच, की वसंतातली सुट्टी संपलेली असावी आणि परीक्षा सुरू झालेली नसावी. पुढे पवित्र मानल्या गेलेल्या या दिवसाचे मूळ महाविद्यालयीन वेळापत्रकात आहे. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. पर्यावरण हा विषय शिकवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले, २००३ मध्ये पुन्हा सांगितले, आणि मग पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अनिवार्य अभ्यासक्रम आला. हेतू उत्तमच होता. परंतु जे परिपत्रकाने येते, ते अहवालाने संपते. छायाचित्रे चिकटवली, उपस्थितांची संख्या लिहिली, सही झाली, की उत्सव पार पडला. विद्यार्थ्यांचा पुढाकार अशा वेळी सूत्रसंचालनापुरता उरतो. पैशाची वही, पाहुण्याची निवड आणि ‘हे करू नये’ असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्या हाती, पुढाकार त्याचा. जानेवारी २०१७ मध्ये जल्लीकट्टूच्या प्रश्नावर तमिळनाडूतले विद्यार्थी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर दिवसेंदिवस बसले होते. त्या मागणीविषयी मतभेद असू शकतात; पण गर्दीचे नियमन आणि किनाऱ्याची सफाई ते स्वतः करत होते, हे सर्वांनी पाहिले. त्यासाठी कोणतेही परिपत्रक निघाले नव्हते.

आयोजन हा शब्द दुय्यम वाटतो. विचार करणाऱ्यांनी विचार करावा आणि खुर्च्या मांडणाऱ्यांनी खुर्च्या मांडाव्यात, अशी आपली वाटणी असते. कुंभकोणमने या वाटणीची फार मोठी किंमत दिली आहे. गुरू सिंह राशीत आला, की नाशिकला सिंहस्थ भरतो आणि कुंभकोणमला त्याच चक्रात माघ महिन्यात महामहम. सुमारे सहा एकरांचे, भोवती सोळा मंडप असलेले तेथले सरोवर नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांच्या नावाशी जोडलेले आहे. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी महामहमाच्या दिवशी त्या सरोवराकाठी चेंगराचेंगरी होऊन सुमारे ५० माणसे मृत्युमुखी पडली. २००३ च्या सिंहस्थात नाशिकलाही तसेच घडले. पाण्याच्या दर्शनाला आलेली माणसे पाण्याच्या काठी मेली, ती श्रद्धा कमी पडली म्हणून नव्हे. वाटा कमी पडल्या म्हणून.

त्याहून दारुण घटना १६ जुलै २००४ ची आहे. आडी महिन्याच्या तोंडावर, गावातल्या एका शाळेच्या इमारतीत, माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग उठली आणि वरच्या मजल्यावरच्या गवती छपराने पेटली. ९४ मुले गेली. बहुतेक प्राथमिक वर्गांतली. जिना अरुंद होता. या घटनेनंतर तमिळनाडूत शाळांवरची गवती छपरे काढून टाकण्यात आली. पर्यावरणाच्या उत्सवात मांडवाला झावळ्या आणि गवत वापरावे, ही सूचना अगदी स्वाभाविक असते. गवताचे छप्पर गार असते, स्वस्त असते, मातीत मिसळून जाते. शाश्वत या विशेषणाला ते सर्वथा पात्र. कुंभकोणमात मात्र कोणीही ही सूचना हलक्या मनाने करू शकत नाही. निसर्गातून आलेली वस्तू चांगलीच असते, हे सूत्र त्या ९४ मुलांच्या नावांपुढे टिकत नाही. आत किती जण बसतील, चूल कोठे पेटेल, बाहेर पडायचे दरवाजे किती, हे प्रश्न आधी. झावळ्या आणि तोरणे नंतर. जगाच्या भविष्याची काळजी वाहणाऱ्याने प्रथम समोर बसलेल्या मुलाच्या जिवाची काळजी वाहावी, ही काही लहान शिकवण नाही. टिकवण्याच्या सगळ्या गोष्टी शेवटी त्या मुलासाठीच आहेत.

मग उत्सव करूच नये काय? तसे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. उत्सवाशिवाय माणसे एकत्र येत नाहीत आणि एकत्र आल्याशिवाय नदी कोणाचीच राहत नाही. फक्त त्या उत्सवात उद्याचे एखादे देणे बांधलेले असावे. असे कसे करता येते, हे कावेरीच्याच त्रिभुज प्रदेशात पाहायला मिळते. तिरुवारूर जिल्ह्यातील आदिरंगम येथे २००६ पासून ‘नेल तिरुविळा’, म्हणजे भाताचा उत्सव, भरू लागला. निसर्गशेतीचे पुरस्कर्ते जी. नम्माळवार यांची प्रेरणा आणि जयरामन या शेतकरी-कार्यकर्त्याचे श्रम त्यामागे होते. लोकांनी त्यांच्या नावाआधी ‘नेल’ हा शब्द कायमचा लावून टाकला. दीडशेहून अधिक देशी वाण त्यांनी गोळा केले. उत्सवाला येणाऱ्या शेतकऱ्याला दोन किलो बियाणे मिळायचे. अट एवढीच, की पुढच्या वर्षी त्याने चार किलो परत आणावे. नम्माळवार २०१३ मध्ये गेले, जयरामन २०१८ मध्ये. पण दोनाचे चार करण्याची ती अट शेतकऱ्यांच्या घरांत पोचली होती. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात देशी बियाण्यांची बँक उभी केली, तिचेही तत्त्व हेच. बियाणे साठवून टिकत नाही. ते दिले, पेरले आणि परत आले तरच टिकते.

महाविद्यालयातल्या उत्सवाला ही अट घालता येण्यासारखी आहे. झाड लावणाऱ्याचे नाव पाटीवर लिहिण्यापेक्षा पुढची दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. यंदा किती कचरा झाला, हे वजन करून नोंदवावे आणि पुढच्या वर्षीच्या समितीने तो आकडा पहिल्या बैठकीत वाचावा. नदीला पाणी किती होते, कोणत्या तारखेला आले, हेही दर आडी महिन्यात त्याच वहीत उतरवावे. दहा वर्षांनी त्या वहीला जे मोल येईल, ते कोणत्याही भाषणाला येणार नाही.

येथे एक अडचण उरते आणि ती खरी आहे. विद्यार्थी महाविद्यालयात तीन वर्षे राहतो. पहिले वर्ष ओळखीत जाते, तिसरे परीक्षेच्या चिंतेत. उत्सवाला मिळते ते मधले एक. इतक्या अल्प मुक्कामाच्या माणसांनी दीर्घकाळ टिकण्याविषयी बोलावे, यात विसंगती दिसते. परंतु विद्येचा सगळा व्यवहार याच विसंगतीवर उभा आहे. त्यागराज चेट्टियारांनी जाताना जागा योग्य हाती दिली म्हणून स्वामीनाथ अय्यर कुंभकोणमला आले. अय्यरांनी पोथ्या छापून पुढे दिल्या म्हणून तमिळ भाषेला आपले प्राचीन काव्य परत मिळाले. रामानुजन यांच्या वह्या इतरांनी जपल्या म्हणूनच जगातले गणिती आज त्यांवर काम करू शकतात. यांपैकी कोणीही शाश्वत नव्हते. नदी ओलांडून येणाऱ्या प्रत्येक तुकडीने जाताना ती वही पुढच्या तुकडीच्या हातात द्यावी आणि आपण काय बाकी ठेवले आहे, तेही प्रांजळपणे तिच्या शेवटच्या पानावर लिहून द्यावे. कावेरीला पाणी असेल त्या वर्षी, आणि नसेल त्या वर्षीही.